मृत्युपत्राचा एक्झिक्युटर दाद देत नसेल तर त्याच्या जागी दुसरा नेमता येतो का?

आपण कळवलेली हकीकत अशी आहे. वडिलांनी नोंदणीकृत मृत्युपत्र करून ठेवले होते आणि त्यात आपल्या धाकट्या चुलत्यांना एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमले होते. वडिलांना जाऊन अडीच वर्षे झाली. मृत्युपत्रानुसार शिवाजी पेठेतील राहते घर आईला तहहयात आणि तिच्यानंतर भावाला, लक्ष्मीपुरीतील दोन गाळे आपल्याला, करवीर तालुक्यातील उसाची जमीन आपल्याला व भावाला निम्मी-निम्मी, आणि बँकेतील ठेवी, लॉकरमधले दागिने, साखर कारखान्याचे शेअर धरून उरलेले सर्व काही दोघा भावंडांना समान द्यायचे आहे. चुलत्यांनी आजवर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र शाबीत झाल्याचा न्यायालयाचा दाखला, घेतलेले नाही. ठेवींवर त्यांचेच नॉमिनेशन असल्याने ती रक्कम त्यांच्याकडे गेली, गाळ्यांचे भाडे व उसाचे बिल तेच घेतात, लॉकरची किल्ली त्यांच्याजवळ आहे, आणि विचारणा केली की 'दादांनी विश्वासाने सोपवलेले काम आहे, घाई करू नका' एवढेच उत्तर मिळते. त्यांना काढून दुसरा माणूस नेमता येईल का, त्यासाठी कुठे जावे लागेल आणि तोवर मिळकतीचे काय करायचे, असा आपला प्रश्न आहे.

एक्झिक्युटर बदलता येतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 301 अन्वये उच्च न्यायालय अर्ज आल्यावर खासगी एक्झिक्युटरला निलंबित करू शकते, पदावरून दूर करू शकते किंवा कार्यमुक्त करू शकते, त्याच्या जागी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक करू शकते, आणि मयताची मिळकत त्या नव्या व्यक्तीकडे निहित होईल, म्हणजे कायद्याने तिच्या हाती सोपवली जाईल, अशी तजवीज करू शकते. तरीही आपल्या प्रकरणात पहिले पाऊल या कलमाचे असू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का हे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते. कोल्हापुरात वारसांच्या दाव्यांत काम करताना मी वारंवार पाहिले आहे की कुटुंबाची सगळी शक्ती त्या एका माणसाला खाली खेचण्यात खर्च होते, आणि ज्या मिळकतीसाठी हे चालले आहे तिचे वाटप तिथेच राहते. आपल्याला चुलत्यांना हरवायचे नाही. वडिलांच्या इच्छेप्रमाणे मिळकत आपल्या, भावाच्या आणि आईच्या हाती यायची आहे. अर्जातील प्रत्येक वाक्य या हेतूने लिहिले गेले तर न्यायालयाचा कौलही सहसा त्या बाजूने झुकतो.

आधी चुलत्यांचे कायदेशीर स्थान समजून घ्या. कलम 211 प्रमाणे एक्झिक्युटर हा मयताचा कायदेशीर प्रतिनिधी असतो आणि मयताची मिळकत त्या नात्याने त्याच्याकडे निहित होते. याचा अर्थ ती त्याची स्वतःची झाली असा नव्हे. ती त्याने गोळा करायची, अंत्यविधीचा खर्च व देणी भागवायची आणि उरलेली मृत्युपत्राप्रमाणे ज्याची त्याला द्यायची. कलम 319 सांगते की मयताची मिळकत व येणी वाजवी तत्परतेने गोळा करणे हे त्याचे कर्तव्य आहे. कलम 332 प्रमाणे मृत्युपत्राने दिलेल्या वस्तूवरील आपला हक्क पूर्ण होण्यासाठी एक्झिक्युटरची संमती लागते, आणि याच कलमामुळे दाद न देणारा एक्झिक्युटर सर्वांना अडवून ठेवू शकतो. ही संमती लेखीच असावी असे मात्र नाही. ती तोंडीही असू शकते आणि वागणुकीवरूनही गृहीत धरता येते. म्हणून मागील अडीच वर्षांत चुलत्यांनी एखाद्या गाळ्याचा ताबा आपल्याला दिला असेल, भाडेकरूला 'आता भाडे पुतणीला द्या' असे सांगितले असेल किंवा तसा संदेश मोबाइलवर पाठवला असेल, तर तो जपून ठेवा. तेवढ्या मिळकतीपुरता प्रश्न कदाचित तिथेच सुटेल.

'घाई करू नका' या उत्तराला कायद्यात काही काळ आधार होता, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कलम 337 प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूपासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत एक्झिक्युटरला कोणाचाही वाटा देण्याची सक्ती करता येत नाही, कारण तेवढ्या काळात मयताकडून ज्यांचे येणे आहे ते पुढे यावेत आणि हिशेब स्पष्ट व्हावा अशी अपेक्षा असते. ते वर्ष केव्हाच संपले. उरलेल्या दीड वर्षाच्या विलंबाचे कारण आता त्यांनी सांगायचे आहे.

प्रोबेट नसणे ही आपल्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. कोल्हापुरात केलेल्या आणि कोल्हापुरातच मिळकत असलेल्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रासाठी प्रोबेट सक्तीचे नाही. मुंबईतील मिळकतीच्या बाबतीत कलम 213 मुळे ते घ्यावे लागत असे, आणि तेही कलम संसदेने 2025 च्या अखेरीस वगळले. पण सक्ती नाही म्हणजे उपयोग नाही, असे नव्हे. प्रोबेट मिळाले की कलम 317 लागू होते, आणि त्या दिवसापासून सहा महिन्यांत मिळकतीची संपूर्ण यादी व एका वर्षात जमाखर्चाचा हिशेब न्यायालयात दाखल करणे एक्झिक्युटरला बंधनकारक होते. न्यायालयाने फर्मावूनही त्याने हेतुपुरस्सर ते टाळले किंवा खोटी यादी दिली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. याउलट प्रोबेट न घेताच कारभार हाकणाऱ्या एक्झिक्युटरवर या मुदतींचा धाक राहत नाही. चुलते प्रोबेटच्या वाटेला का गेले नाहीत याचे उत्तर यात असेलच असे मी म्हणत नाही. अनेकांना हे ठाऊकही नसते. पण परिणाम तोच होतो.

त्यामुळे आपल्यासाठी पहिला न्यायालयीन मार्ग जिल्हा न्यायालयातून जातो. उरलेल्या सर्व मिळकतीचे लाभार्थी म्हणून आपण आणि आपले भाऊ मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्रासाठी, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहण्याचा अधिकार देणाऱ्या लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशनसाठी, अर्ज करू शकता. कलम 232 मध्ये एक्झिक्युटर काम करण्यास नकार देत असेल तर अशा लाभार्थ्याला मृत्युपत्र शाबीत करण्याची मुभा आहे. मात्र ज्याला एक्झिक्युटर नेमले आहे त्याने पद सोडलेले नसेल, तर कलम 229 प्रमाणे त्याला आधी न्यायालयामार्फत 'पद स्वीकारा किंवा सोडा' असे बोलावणे काढावे लागते. या बोलावण्याची खुबी अशी की त्याचे कोणतेही उत्तर आपल्या उपयोगाचे ठरते. चुलते पद सोडतो म्हणाले, तर कलम 230 प्रमाणे ते न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सहीच्या लेखाने सोडता येते आणि एकदा सोडल्यावर पुन्हा प्रोबेट मागता येत नाही. ठरलेल्या मुदतीत ते काहीच बोलले नाहीत, तर कलम 231 प्रमाणे प्रशासनपत्र दुसऱ्याला देण्याचा मार्ग मोकळा होतो. आणि पद स्वीकारून त्यांनी प्रोबेट घेतले, तर यादी व हिशेबाच्या वर सांगितलेल्या मुदती त्यांच्यावर सुरू होतात. अडीच वर्षे नुसती आश्वासने देणाऱ्या माणसाला उत्तर देणे भाग पाडणारे याहून सरळ साधन मला माहीत नाही.

इथे एक अडचण येते. चुलत्यांनी भाडे घेतले, उसाचे बिल घेतले, म्हणजे पद वागणुकीने स्वीकारलेले आहे. कारभार हाती घेतलेल्या एक्झिक्युटरला मध्येच अंग काढून घेणे सोपे नसते, आणि घेऊ दिले तरी आजवरच्या जमाखर्चाची जबाबदारी त्याच्यावरून उतरत नाही. म्हणून पद सोडण्याची तडजोड झालीच, तर त्या लेखात 'मागील सर्व हिशेब अमुक तारखेपर्यंत देईन' हे वाक्य आलेच पाहिजे. 'ते बाजूला झाले ना, मग जाऊ द्या' असे म्हणून सह्या करणारी कुटुंबे पुढे वर्षानुवर्षे ठेवींचा माग काढत बसतात.

प्रोबेट आधीच मिळालेले असते तर कलम 263 उपयोगी पडले असते. योग्य कारण असल्यास दिलेले प्रोबेट रद्द करता येते, आणि वाजवी कारण नसताना जाणूनबुजून यादी किंवा हिशेब दाखल न करणे, अथवा महत्त्वाच्या बाबतीत खोटा हिशेब देणे, हे त्या कलमात योग्य कारण म्हणून नमूद आहे. बोलावणे निघाल्यावर चुलत्यांनी प्रोबेट घेतले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न सुरू झाले, तर हे कलम आपल्याला लागेल.

आता कलम 301 कडे वळतो. हा अधिकार उच्च न्यायालयाचा आहे, जिल्हा न्यायालयाचा नाही. कोल्हापूरकरांसाठी यात एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी अशा अर्जासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागे, आणि तारखेमागून तारीख पडत गेली की सामान्य कुटुंब दमून जाई. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात आणि उच्च न्यायालयाचे बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, म्हणजे दोन्ही पायऱ्या आता एकाच शहरात आहेत. या बेंचसाठी इथल्या वकिलांनी व नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ आग्रह धरला होता. त्या आग्रहाचे मोल अशा घरगुती प्रकरणांतच सर्वांत जास्त जाणवते असे मला मनापासून वाटते.

कलम 301 च्या शब्दांत प्रोबेट मिळालेले असावे अशी अट दिसत नाही. लगतच्या कलम 302 मध्ये मात्र ती स्पष्ट आहे. प्रोबेट किंवा प्रशासनपत्र दिलेले असेल तर उच्च न्यायालय एक्झिक्युटरला मिळकतीच्या कारभाराबाबत सर्वसाधारण किंवा विशिष्ट निर्देश देऊ शकते. हे कलम फार कमी वापरले जाते. एक्झिक्युटर अप्रामाणिक नाही, फक्त ढिला किंवा हट्टी आहे, अशा ठिकाणी त्याला पदावर ठेवून 'तीन महिन्यांत लॉकर उघडून पंचनामा करा, सहा महिन्यांत जमिनीचे वाटप करा' असे निर्देश मिळवणे पुष्कळदा अधिक लवकर फळाला येते.

पदावरून दूर करण्यासाठी न्यायालय काय पाहते, हे अर्ज लिहिण्याआधी समजले पाहिजे. लेटरस्टेड विरुद्ध ब्रोअर्स या 1884 सालच्या निर्णयात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितलेले तत्त्व आजही मार्गदर्शक मानले जाते. विश्वस्ताला दूर करताना मुख्य कसोटी लाभार्थ्यांच्या हिताची असते. केवळ वितुष्ट आले, बोलणे बंद झाले, एवढे कारण पुरेसे नाही, पण त्या वितुष्टामुळे कारभारच ठप्प होत असेल तर ते दुर्लक्षून चालत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः निवडलेला माणूस न्यायालय सहजासहजी हलवत नाही, कारण ती निवड हाही मयताच्या इच्छेचाच भाग असतो. म्हणून 'चुलते आम्हाला तुच्छतेने वागवतात', 'लग्नात आले नाहीत', 'चुलती आईला टाकून बोलते' ही वाक्ये मनाला कितीही लागलेली असोत, ती अर्जातून काढून टाका. त्यांच्या जागी अमुक तारखेला ठेवीची इतकी रक्कम त्यांच्या खात्यात आली आणि आजवर तिचा हिशेब नाही, अमुक गळीत हंगामाचे ऊसबिल अमुक खात्यात जमा झाले, गाळ्यांचे भाडे इतके आणि महापालिकेचा घरफाळा मात्र थकलेला, अशी वाक्ये यायला हवीत. मिळकत स्वतःसाठी वापरणे, हिशेब नाकारणे, स्वतःचा स्वार्थ आणि पदाचे कर्तव्य यांचा झगडा असणे, येणी मुदतबाह्य होऊ देणे, दीर्घ आजार किंवा परगावी वास्तव्य यामुळे काम होऊ न शकणे, ही कारणे न्यायालयाला पटतात.

चुलत्यांच्या विरुद्ध प्रत्यक्ष नुकसानीची मागणी करायची असेल तर आधार कलम 368 व 369 मध्ये आहे. एक्झिक्युटरने मिळकतीचा गैरवापर केला किंवा तिचे नुकसान होऊ दिले तर ते भरून देण्यास तो जबाबदार असतो, आणि मिळकतीचा कोणताही भाग गोळा करण्यात हयगय केल्याने तोटा झाला तर तोही. जमीन किंवा गाळा त्यांनी स्वतःच विकत घेतला असे उघड झाले, तर कलम 310 प्रमाणे तो व्यवहार हितसंबंधी व्यक्तीच्या मागणीवरून रद्द होऊ शकतो.

ठेवींच्या बाबतीत 'नॉमिनी मी आहे, तेव्हा पैसे माझे' असे चुलते म्हणत असतील तर ते चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात स्पष्ट केले की बँक ठेवीचा नॉमिनी बँकेकडून पैसे स्वीकारण्याचा अधिकारी असतो, त्या पैशाचा मालक ठरत नाही. ती रक्कम मिळकतीतच मोजली जाईल. बँकेला मात्र दोष देता येत नाही, तिने नॉमिनीला पैसे देऊन आपली जबाबदारी पूर्ण केलेली असते.

उच्च न्यायालयाचा अर्ज किंवा प्रशासनपत्राचा अर्ज चालू असताना मिळकत सुरक्षित कशी ठेवायची, हा आपल्या प्रश्नाचा निकडीचा भाग आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात मयताच्या मिळकतीच्या प्रशासनाचा दावा लावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20 नियम 13 मध्ये अशा दाव्यातील हुकूमनाम्याची रीत दिली आहे. न्यायालय आधी हिशेब घेण्याचा प्राथमिक हुकूमनामा करते आणि मग अंतिम वाटपाचा. या दाव्यात आदेश 39 खाली तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो, म्हणजे चुलत्यांनी जमीन विकू नये, गाळ्यात नवा भाडेकरू घालू नये. आदेश 40 खाली रिसीव्हर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने मिळकत व तिचे उत्पन्न सांभाळणारा माणूस, नेमण्याची मागणी करता येते. ज्या मिळकतीतून दर महिन्याला व दर हंगामाला उत्पन्न येते तिथे रिसीव्हरची मागणी जरूर करावी, कारण मनाई हुकूम विक्री थांबवतो, उत्पन्नाचा ओघ थांबवत नाही. भाडेकरूंनी भाडे न्यायालयात भरावे आणि कारखान्याने ऊसबिल स्वतंत्र खात्यात जमा करावे, असा आदेश मिळाला की वादाचा अर्धा आवेश आपोआप ओसरतो. दावा दाखल झाल्याबरोबर त्याची लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्या, म्हणजे मधल्या काळातील खरेदीदाराला 'मला दाव्याची माहिती नव्हती' असे म्हणता येणार नाही.

सातबाऱ्याबद्दल एक सावधगिरी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क संपादन केल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ती आजवर दिली नसेल तर आता द्या, आणि मृत्युपत्राची प्रत जोडा. चुलत्यांनी हरकत घेतली तर नोंद तक्रारी नोंदवहीत जाईल आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतील. तेथे मृत्युपत्राच्या खरेपणाचा निर्णय होत नाही आणि फेरफाराने मालकीही ठरत नाही, तरी नोंद प्रलंबित दिसत असली की खरेदीदार थबकतो. शिवाजी पेठेतील घर व गाळे यांच्यासाठी हेच काम नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर करावे लागेल.

या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या आठवड्यात करण्याचे काम म्हणजे लेखी मागणी. आजवर आपण जे विचारले ते तोंडी, सणावाराला किंवा फोनवर विचारले असणार. स्पीड पोस्टाने पोहोचपावतीसह एक नोटीस पाठवा. तिची भाषा आदराची ठेवा, 'ती. काका' असा मायना असला तरी चालेल, पण मागण्या मोजक्या आणि तपशीलवार असाव्यात. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा हिशेब, कोणत्या खात्यांचे उतारे, लॉकर कोणत्या दिवशी कोणाच्या समक्ष उघडायचा, आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत. ही नोटीस गेली की पुढील प्रत्येक न्यायालयात 'यांनी कधी विचारलेच नाही' हा बचाव संपतो. काही वेळा नोटिशीला उत्तर म्हणून हिशेबच येतो आणि पुढचे काही करावे लागत नाही. चुलते वयस्क असतील, हिशेब ठेवण्याची सवय नसेल, तर त्यांना कमीपणा न येता बाहेर पडण्याचा रस्ता हवा असतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मध्यस्थीत तो मिळतो. सर्व लाभार्थी सज्ञान व एकमताचे असतील, तर चुलत्यांनी प्रत्येक वाट्याला संमती देऊन, हिशेब सादर करून आणि सर्वांची पावती घेऊन काम संपवणे, हा सर्वांत स्वस्त शेवट आहे.

पण घरच्या घरी नवा एक्झिक्युटर नेमता येत नाही, हे नीट ध्यानात घ्या. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर 'यापुढे मामांनी काम पाहावे' असे लिहून सर्वांच्या सह्या व नोटरीचा शिक्का घेतलेले कागद माझ्यासमोर अनेकदा आले आहेत. मृत्युपत्र करणारा गेल्यावर ते पद देण्याचा अधिकार कुटुंबाकडे राहत नाही, तो न्यायालयाकडे जातो. चुलत्यांनी आपल्या मुलाला मुखत्यारपत्र दिले तरी एक्झिक्युटरपद मुलाकडे जात नाही. तसेच 'हिशेब देतो, आधी यावर सही कर' म्हणून हक्कसोडपत्र किंवा कोरा कागद पुढे आला तर सही करू नका. आईलाही हे आजच सांगा, कारण अशा सह्या बहुधा घरातल्या सर्वांत भिडस्त माणसाकडून घेतल्या जातात.

दुसरा कोण असावा? आपण स्वतः किंवा भाऊ होऊ शकता. लाभार्थी असणे हा अपात्रतेचा मुद्दा नाही. मात्र आपल्या दोघांत जमिनीच्या सरस-निरस भागावरून मतभेद होण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर दोघांनाही मान्य असलेला, कोल्हापुरातच राहणारा, हिशेबाची शिस्त असलेला तिऱ्हाईत सुचवा. निवृत्त बँक अधिकारी किंवा सनदी लेखापाल हे काम उत्तम करतात. त्यांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा, कारण 'याला काढा' असे म्हणणाऱ्याने 'हा तयार आहे' हेही दाखवले तर न्यायालयाचे काम सोपे होते. प्रशासनपत्र मिळवणाऱ्याला उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 291 प्रमाणे जामीनदारासह बंधपत्र द्यावे लागते, याची कल्पना त्या व्यक्तीला आधी द्या. असे कोणी मिळालेच नाही तर राज्याच्या महाप्रशासकांचा, म्हणजे मयतांच्या मिळकतींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, पर्याय उरतो.

मृत्युपत्रात एकाहून अधिक एक्झिक्युटर असते तर गोष्ट वेगळी असती. कलम 311 प्रमाणे, मृत्युपत्रात उलट काही लिहिलेले नसेल तर, त्यांतील ज्याने मृत्युपत्र शाबीत केले आहे तो एकटाही सर्व अधिकार वापरू शकतो. आपल्या वडिलांचे मृत्युपत्र या दृष्टीने पुन्हा एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'चुलते काम करू न शकल्यास अमुक यांनी करावे' असे वाक्य बारीक अक्षरांत असू शकते.

पोलिसांत जावे का, असे बहुतेक जण विचारतात. विश्वासघाताच्या गुन्ह्याच्या व्याख्येखाली भारतीय दंड संहितेने दिलेले पहिलेच उदाहरण मृत्युपत्राच्या एक्झिक्युटरचे आहे. मयताच्या वस्तू मृत्युपत्राप्रमाणे वाटण्याऐवजी अप्रामाणिकपणे स्वतःच्या वापरात घेणारा एक्झिक्युटर त्या गुन्ह्याचा दोषी ठरतो, आणि आता ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे. कायदा इतका स्पष्ट असूनही मी हा मार्ग सुरुवातीला सुचवत नाही. अप्रामाणिक हेतू सिद्ध करायला हिशेब लागतो आणि तो हिशेब दिवाणी न्यायालयातच निघतो. दागिने मोडल्याचा किंवा खोट्या सहीने पैसे काढल्याचा ठोस पुरावा हाती असेल तर मात्र तक्रार करायला कचरू नका.

आणखी एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो सर्वांत आधी सुटला पाहिजे. करवीर तालुक्यातील जमीन वडिलांची स्वकष्टार्जित होती की आजोबांकडून आलेली वडिलोपार्जित? एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडील फक्त स्वतःच्या हिश्शाचे मृत्युपत्र करू शकतात, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात ते निर्विवाद केले. जमीन वडिलोपार्जित निघाली तर आपल्या जन्मजात हिश्शावर एक्झिक्युटरचा मुळात अधिकारच नाही आणि त्या भागासाठी वाटपाचा दावा लावावा लागेल. जुने फेरफार काढून हे पाहून घ्या. मात्र एकाच वेळी 'मृत्युपत्र बनावट आहे' आणि 'मृत्युपत्राप्रमाणे वाटप करा' असे दोन्ही म्हणू नका. आपण मृत्युपत्र मान्य करता की नाही, हे पहिल्या अर्जाआधी भावाबरोबर बसून पक्के करा.

मुदतीविषयी शेवटचे. एक्झिक्युटरकडून मृत्युपत्राने मिळालेला वाटा मागण्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद 106 मध्ये, वाटा देय झाल्यापासून बारा वर्षे आहेत, त्यामुळे हक्क बुडाला अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रोबेट व प्रशासनपत्राच्या अर्जाला मात्र अनुच्छेद 137 ची तीन वर्षांची मुदत लागू होते असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये कुंवरजीत सिंग खंडपूर प्रकरणात म्हटले आहे. अर्जाचा हक्क टिकून असेपर्यंत तो चालू राहतो असेही त्याच निकालात आहे, तरी मृत्यूपासून तीन वर्षांनंतर आलेल्या अर्जातील विलंब समाधानकारकपणे समजावून द्यावा लागतो. आपल्याकडे अजून सहा महिने आहेत. नोटिशीचे तीस दिवस धरूनही या मुदतीत प्रशासनपत्राचा अर्ज कसबा बावड्यात दाखल होऊ शकतो. त्यासाठी मृत्युपत्राची प्रमाणित प्रत, मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व पत्ते, मिळकतीचे उतारे, आणि मृत्युपत्रावरील दोन साक्षीदारांपैकी निदान एकाचा आजचा ठावठिकाणा एवढे आधी जमवा. साक्षीदार वृद्ध असतील तर त्यांना भेटायला या आठवड्यातच जा.